एकूण सायकलस्वार, एक

दाढीला साबण लागलेला असताना माणसाने सरकारी कागद वाचू नये, असं सलूनवाल्याचं जुनं मत होतं. वाचणारा एकदम उठतो आणि मग रक्त कोणी काढलं यावर वाद होतो. त्या सकाळी मीटरकाका उठलेच. उजवा गाल स्वच्छ, डाव्या गालावर फेस, आणि हातात नगरपालिकेचा कागद. तो कागद सलूनच्या दारावर चिकटवायला शेजारचा मेडिकलवाला घेऊन आला होता, आणि आणताना त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की जणू मजकूर त्यानेच लिहिला आहे.

मजकूर चार ओळींचा होता. दोन वर्षांपूर्वी गल्लीच्या कडेने सायकलींसाठी जो हिरवा पट्टा आखला होता, त्याचा वापर किती होतो याची पाहणी करण्यात आली. वेळ सकाळी सात ते दहा. पादचारी, चारशे बारा. सायकलस्वार, एक. सबब पट्टा पुसून त्या जागी मोटारी उभ्या करण्याची सोय करण्यात येत आहे. हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावे.

"एक," मीटरकाका म्हणाले. मग चष्मा वर ढकलून पुन्हा म्हणाले, "एक?"

"तुम्हीच असणार," सलूनवाला म्हणाला आणि त्याने वस्तरा पुसून ठेवला.

गल्लीतून रोज सकाळी दोनशे तरी सायकली जातात हे आंधळ्यालाही घंट्यांच्या आवाजावरून कळलं असतं. पण मोजणीला आलेली मुलगी आंधळी नव्हती, कामचुकारही नव्हती. तिने डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिलं होतं. फक्त ती बसली होती जुन्या शाळेच्या फाटकासमोर, कारण तिथे झाडाची सावली होती. आणि जुन्या शाळेच्या फाटकासमोर या गल्लीतला माणूस सायकलवरून उतरतो. साठ पावलं सायकल हातात धरून चालतो, फाटक मागे पडलं की पुन्हा टांग टाकतो. पेपरवाला उतरतो, नर्सबाई उतरतात, गवंडी उतरतो. नवीन राहायला आलेले लोक दोन दिवस बघतात आणि तिसऱ्या दिवशी तेही उतरतात. शाळा तिथून हलून चौदा वर्षं झाली. फाटकाला कुलूप आहे आणि आत पाणीखात्याचे पाइप पडलेले आहेत. तरी लोक उतरतात, जसं बोलता बोलता मोठं माणूस खोलीत आलं की आपण पाय खाली घेतो.

सबंध गल्लीत न उतरणारा माणूस एकच, मीटरकाका. आणि यातली गोम अशी की उतरण्याची ही रीत घालून दिली तीही मीटरकाकांनीच.

त्यांनी एकतीस वर्षं घरोघर हिंडून विजेचे मीटर वाचले होते. त्यांच्या बरोबरीचे काही हुशार लोक झाडाखाली बसून अख्ख्या आळीचे आकडे अंदाजाने भरत आणि दुपारी सिनेमाला जात. काका जिन्याखाली वाकत, जळमटं बाजूला करत, काडी ओढत आणि जे दिसेल तेच वहीत मांडत. या वाकण्यापायीच गुडघे गेले असं डॉक्टरांचं म्हणणं. आता चाळीस पावलं चाललं की गुडघे संपावर जात, पण सायकलवर बसलं की तेच गुडघे बिनतक्रार फिरत. डॉक्टरांना यात काही नवल वाटत नव्हतं. गल्लीला वाटे.

"चालता येत नाही पण सायकल चालवता येते," मेडिकलवाला एकदा म्हणाला होता, "म्हणजे बोलता येत नाही पण भाषण करता येतं, त्यातली गत."

"तसे आपले नगरसेवक आहेतच की," काका म्हणाले होते. त्या दिवसापासून दोघांचं फारसं बरं नव्हतं, कारण मेडिकलवाला नगरसेवकाच्या पक्षाचा गल्लीप्रमुख होता.

दांड्याच्या सायकलवर टांग जाईना, म्हणून काका काकूंची बुटकी सायकल चालवत. तिला पुढे टोपली होती. फाटकासमोर आले की ते मान खाली घालून, हळू, कुणी बघू नये अशा बेताने बसूनच पुढे जात. त्यांच्या वयाकडे आणि गुडघ्यांकडे बघून गल्लीने त्यांना तेवढी सूट दिली होती.

आता त्या सुटीचा छापील आकडा झाला होता.

"म्हणजे एका माणसासाठी एवढा पट्टा," मेडिकलवाला बाकावर बसत म्हणाला. त्याने नवी मोटार घेऊन दोन महिने झाले होते आणि ती रोज तीन गल्ल्या पलीकडे लावावी लागत होती. लोकशाहीत एका माणसाच्या हौसेसाठी चारशे बारा लोकांना वेठीला धरता येत नाही, असं त्याने सविस्तर समजावून सांगितलं. काकांनी विचारलं की ते चारशे बारा लोक कोण? त्यातले निम्मे सायकली हातात घेऊन चाललेले आहेत. मेडिकलवाला म्हणाला, कागदात तसं नाही. काका म्हणाले, कागदात नाही पण रस्त्यात आहे. सलूनवाल्याला मत विचारलं तेव्हा तो म्हणाला, माझ्या खुर्चीत जो बसलेला असेल त्याचं बरोबर असतं, आणि तुम्ही तर उठलात.

काका डाव्या गालावरचा फेस वाळेपर्यंत बोलत राहिले. मग तसेच घरी गेले.

काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी कागदाची हकीकत ऐकून घेतली, नवऱ्याचा अर्धा गाल पाहिला आणि गालाबद्दल काही विचारलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं, की पट्टा गेला त्या दिवशी सायकल माळ्यावर जाईल. मोटारींच्या आणि ट्रकांच्या मधून तुम्हाला डुगडुगत जाताना बघायची माझी तयारी नाही. मग घरातच बसा, वाटलं तर खिडकीतून वाद घाला.

काकांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीतून समोरच्या घराची मोरी दिसत होती. सलून तीनशे चाळीस पावलांवर होतं, वाचनालय सहाशेच्या पुढे. आयुष्यभर लोकांच्या घरांत शिरलेला माणूस, आता त्याला स्वतःच्या घरातून बाहेर पडायचं तर दोन चाकं आणि तो चार फूट रुंद हिरवा रंग लागत होता. त्यांनी अर्ज लिहायला घेतला.

अर्ज नेऊन द्यायचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. काका कठड्याला धरून, दोनदा पायरीवर बसून वर पोहोचले. तिथल्या शिपायाने आपुलकीने सांगितलं, की चालायला त्रास असणाऱ्यांच्या तक्रारी इथे नाही घेत, तो विभाग तिसऱ्या मजल्यावर आहे. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती जाता जाता गुडघ्यांत अडकली आणि त्यांना पुन्हा बसावं लागलं. मग ते शिपायाच्याच स्टुलावर बसून राहिले आणि साहेब बाहेर आल्यावर त्यांना गाठलं.

साहेब गोड माणूस होते. त्यांनी अर्ज उभ्याउभ्याच वाचला. मोजणीत काही चूक नाही, ते म्हणाले. सायकलवर बसलेला तो सायकलस्वार, पायी चालतो तो पादचारी. हातात काय आहे हा रकाना आमच्याकडे नाही.

"पण हातात सायकल असते, साहेब."

"असेल. हातात छत्री असलेल्या माणसाला आम्ही पाऊस म्हणून मोजत नाही."

काकांनी फेरमोजणी मागितली. ती नियमात बसत होती. पण जागा तीच आणि वेळ तीच राहणार होती, कारण जागा फायलीत नोंदलेली होती आणि तिला हलवायला वेगळी फाइल लागली असती. सात आठ महिने, साहेब म्हणाले, तोवर पट्टा राहायचा नाही. मग त्यांना या दमलेल्या म्हाताऱ्याची दया आली असावी. ते जवळ वाकले.

"एवढी दगदग कशाला? तुम्ही आकडा सुचवा. दोनशे? अडीचशे? मी दुरुस्ती म्हणून घालतो. आम्हाला काय, तुमचं समाधान झालं की झालं."

काका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. एकतीस वर्षांत त्यांना लोकांनी सरबत पाजलं होतं, दम दिला होता, अंगावर कुत्री सोडली होती, आणि सगळ्यांचं मागणं एकच होतं की आकडा जरा बघून घ्या. त्यांनी तो कधी बघून घेतला नव्हता. आणि इथे आकडा राखणारा माणूसच तो पिशवीत भरून द्यायला निघाला होता, तेही न मागता, चणे दिल्यासारखा.

"साहेब, मी आकडा मागायला आलेलो नाही," ते म्हणाले. आवाज चढला होता. "मोजा म्हणून सांगायला आलोय. एक निघाला तर एक लिहा. पण बघून लिहा."

साहेबांना हे कळलं नाही. पण त्यांनी पुढच्या बुधवारची तारीख घातली आणि शिक्का मारून दिला.

आता वरवर पाहता काम सोपं होतं. एका बुधवारी, तीन तास, लोकांनी फाटकासमोर उतरायचं नाही. काकांनी सलूनच्या बाकावरून ही गोष्ट जाहीर केली, आणि दोन दिवसांत गल्ली उभी चिरली.

आधी मेडिकलवाल्याने पवित्रा बदलला. कालपर्यंत त्याला सायकली दिसत नव्हत्या. आता त्याला सायकलवरून उतरणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरची नम्रता दिसू लागली. आपली गल्ली म्हणजे नुसता रस्ता नाही, इथे संस्कार आहेत, असं तो गिऱ्हाईकाला खोकल्याची बाटली देता देता सांगू लागला. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, आणि एका माणसाच्या गुडघ्यांसाठी ती मोडायची? रीत चौतीस वर्षांची होती, म्हणजे धड दीड पिढीचीही नाही, पण औषधाच्या दुकानात कोण हिशेब करतो. दुसऱ्या पक्षाने ताबडतोब उलट बाजू घेतली आणि बसून जाणं हा नागरिकांचा हक्क ठरवला. त्या पक्षाच्या गल्लीतल्या दोघांनाही सायकल येत नव्हती. नवरा उतरणार, बायको नाही उतरणार, अशी दोन घरं झाली. एका घरात सासूने सुनेला सांगितलं की मी वीस वर्षं उतरले, तुला काय धाड भरलीय. सुनेने सांगितलं की तुम्ही वीस वर्षं बरंच काही केलंत, म्हणून मी करायलाच हवं असं नाही. मूळ विषय सायकलीचा होता, हे त्या घरात संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

शेवटी पेपरवाला काकांपाशी येऊन उभा राहिला. तो भांडखोर नव्हता, आणि त्याने जे विचारलं ते सरळच होतं. "काका, आम्ही उतरतो ते कुणासाठी? टेलरताईंसाठीच ना? मग त्यांना विचारलंत का?"

काकांनी विचारलेलं नव्हतं.

चौतीस वर्षांपूर्वी मीटरकाका चालत्या सायकलवर वही उघडून मागच्या घराचा आकडा बघत होते. शाळा सुटली होती. सात वर्षांची एक मुलगी फाटकातून धावत आली आणि त्यांच्या चाकाखाली गेली. तिचं कोपर मोडलं. ती मुलगी म्हणजे आत्ताची टेलरताई. काका तेव्हा तरुण होते. त्यांनी तिला उचलून दवाखान्यात नेलं, तिच्या आईबापांपुढे मान खाली घालून उभे राहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून फाटकासमोर उतरून चालू लागले. तेवढ्यावर त्यांचं मन शांत होईना. मग ते ड्यूटीच्या आधी तास तासभर तिथे उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला उतरवू लागले. इथे एक लेकरू माझ्या चाकाखाली आलं, उतरा. महिनाभर, रोज. पहिल्यांदा लोक त्यांच्या लाजेखातर उतरले, मग पोरीखातर, आणि मग नुसतेच.

टेलरताईचं दुकान गल्लीच्या टोकाला, दोन शिलाई मशिनं मावतील एवढं. काकांनी सायकल पायरीला टेकवली आणि बसल्या जागेवरूनच आत डोकावले. ती एका शर्टाची बाही उसवत होती. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. काकांनी सगळं सांगितलं, मोजणी, बुधवार, पट्टा, माळा. आणि मग घसा साफ करून म्हणाले, की ही रीत तुझ्या मानाची आहे, एका दिवसापुरती ती बाजूला ठेवायला तुझी परवानगी हवी.

तिने ओठांतल्या टाचण्या एकेक काढून डबीत टाकल्या. पाच होत्या.

"काका, माझा हात सहा आठवड्यांत बरा झाला होता," ती म्हणाली. "प्लास्टर तुम्ही नाही काढलंत अजून."

काकांनी टोपलीची सुटलेली तार सरळ करायला घेतली.

"चौतीस वर्षं रोज सकाळी दोनशे माणसं माझ्या कोपराला मान देऊन उतरतात. माझं लग्न झालं, दोन मुलं झाली, नवरा गेला, दुकान उभं केलं एकटीने. आणि परवा नवीन बाई माप द्यायला येते आणि विचारते, सायकलखाली आलेली मुलगी ती तुम्हीच का? माप सांगायचं सोडून कोपर बघते. कापडाचे गठ्ठे कॅरिअरला बांधून मी रोज त्याच रस्त्याने येते. मला उतरायला नको का? मीच नाही उतरले तर लोक काय म्हणतील? वीस किलोचा गठ्ठा आणि मी स्वतःच्याच मानासाठी साठ पावलं सायकल ढकलते."

"मला वाटलं, तुला बरं वाटत असेल," काका म्हणाले.

"मला कुणी विचारलं?"

"आता विचारतोय ना, पोरी."

"आता पट्टा चाललाय म्हणून विचारताय." तिने बाही पुन्हा हातात घेतली. "लाज तुमची होती, काका. ती तुम्ही उभ्या गल्लीला वाटलीत आणि नाव माझं लावलंत."

काका आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर संतापत आले होते आणि त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आज संताप समोरून येत होता, आणि तो खरा होता. जे दिसेल ते मांडायचं, ही त्यांची बढाई. चौतीस वर्षं ही बाई रोज त्यांच्यासमोर गठ्ठा ढकलत गेली, आणि त्यांनी तिच्याकडे बघूनसुद्धा कधी काही वाचलं नव्हतं. त्यांनी विचारलेल्या परवानगीचं उत्तर त्यांना मिळालं नाही. मागायची हिंमतही झाली नाही. ते पायरीला पाय टेकवून सायकल वळवून घेऊ लागले. बुटक्या सायकलवरसुद्धा त्यांना ते कठीण गेलं, आणि ती उठून मदतीला आली नाही.

बुधवारी पावणेसातलाच मोजणीची मुलगी झाडाच्या सावलीत स्टूल टाकून बसली. तिच्या गुडघ्यावर फळी, फळीवर तोच छापील तक्ता. फाटकापाशी मेडिकलवाला आणि त्याचे चार कार्यकर्ते हात जोडून उभे होते. येणाऱ्या प्रत्येकाला ते अत्यंत नम्रपणे उतरण्याची विनंती करत होते. काका पलीकडच्या उंच पायरीशी एक पाय टेकवून सायकलवर बसले होते.

पहिला पेपरवाला आला. काकांकडे बघून हसला आणि फाटकाशी येताच उतरला. मग स्वतःच्या पायांकडे बघत राहिला. "आपोआप उतरले हो," तो ओशाळून म्हणाला. मुलीने पादचाऱ्यांत एक रेघ मारली. मग नर्सबाई आल्या, त्यांनी हात जोडलेली माणसं पाहिली आणि संकोचाने उतरल्या. गवंडी आला, अर्ध्या वाटेपर्यंत बसून गेला, मागून कुणीतरी नुसतं खाकरलं तसा तोही उतरला. मुलीने काकांना विचारलं, हा अर्धा कुठे घालू? काकांचे दात आवळले गेले होते. ते म्हणाले, "उतरला ना? पादचारी." साडेसात झाले तेव्हा सायकल हातात धरून गेलेले अडतीस जण तक्त्यावर पादचारी झाले होते आणि सायकलस्वार एकही नव्हता. कार्यकर्त्यांचे हात जोडून जोडून दुखू लागले होते, पण चेहरे प्रसन्न होते.

तेवढ्यात गल्लीच्या वळणावर कॅरिअरला मोठा गठ्ठा बांधलेली सायकल दिसली. टेलरताई. तिला पाहून मेडिकलवाला दोन पावलं पुढे झाला. त्याने तिच्या मानाची, तिच्या वेदनेची आणि गल्लीच्या कृतज्ञतेची भाषा सुरू केली आणि सायकलच्या बरोबर समोर उभा राहिला.

ती थांबली नाही. घंटीही वाजवली नाही.

"माझ्या मानाचं मी बघते," ती म्हणाली. "तुम्ही बाजूला व्हा."

मेडिकलवाला बाजूला झाला. वीस किलोच्या गठ्ठ्यासमोर नम्रता फार वेळ उभी राहू शकत नाही. टेलरताई फाटकासमोरून गेली, साठ पावलांची ती जागा तिने सात आठ पायडलांत ओलांडली, आणि पुढे जाऊन मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मुलीने सायकलस्वारांच्या रकान्यात रेघ ओढली. त्या रेघेचा आवाज काकांना ऐकू आल्यासारखा वाटला.

मागून येणारे तिघे उतरण्याच्या बेतात होते, पण त्यांचे पाय पायडलवरच राहिले. मग पाच आले. मग शाळेत जाणाऱ्या पोरींचा थवा आला आणि खिदळत गेला. सासू मागे आणि सून पुढे अशी एकच सायकल आली, दोघी बसून, दोघींची तोंडं फुगलेली. पाणीखात्याचा माणूस कुलूप उघडायला आला होता, तो किल्ली हातात घेऊन बघतच राहिला. काही जणांचे पाय मध्येच घसरून खाली आले. मुलीने काकांकडे पाहिलं की ते कडवटपणे सांगत, "पादचारी. जे दिसलं तेच लिही." दहाच्या ठोक्याला तिने रेघा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि काकांनी फळीवर वाकून तिसऱ्यांदा मोजल्या. एकशे एकाहत्तर.

दहा दिवसांनी दुसरा कागद आला. पट्टा कायम ठेवण्यात येत आहे. काकूंनी कागद वाचला आणि सायकलच्या टोपलीला नवी तार बांधून दिली. गल्लीत त्या दिवसापासून काही लोक फाटकासमोर उतरतात, काही उतरत नाहीत, आणि कोण का उतरतो हे विचारायचं सगळ्यांनी बंद केलं. टेलरताई काकांशी बोलत नव्हती असं नाही, पण कामापुरतंच बोलत होती. काकांनी तिच्याकडे एक विजार आखूड करायला टाकली होती. ती तिने चोख केली आणि वर एक शब्द बोलली नाही. आपण यालाच लायक आहोत, हे काकांना मान्य होतं.

पुढच्या सोमवारी काका दाढीला निघाले. मेडिकलच्या दुकानापाशी आले आणि त्यांना ब्रेक दाबावे लागले. हिरव्या पट्ट्याच्या बरोबर मध्यावर, लोखंडी चौकटीत, दोन माणसांच्या उंचीचा फलक उभा होता. त्यावर नगरसेवकांचा हात हलवणारा फोटो होता, खाली कोपऱ्यात मेडिकलवाल्याचा लहान फोटो, आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की सायकलपट्टा वाचवल्याबद्दल सायकलप्रेमी नेतृत्वाचे हार्दिक आभार. फलक पट्ट्यावरच लावावा लागला होता, कारण पट्ट्याच्या एका बाजूला, आता बिनदिक्कत रस्त्यातच, मेडिकलवाल्याची मोटार उभी होती आणि दुसऱ्या बाजूला फुटपाथवर गिऱ्हाइकांची रांग असते.

वाट काढायची तर सायकलवरून उतरायचं, ती उंच फुटपाथवर चढवायची, दुकानाच्या पायऱ्यांवरून सांभाळत न्यायची, आणि पलीकडे खाली घ्यायची. एखाद्या बऱ्या दिवशी गुडघ्यांनी ते केलंही असतं. काकांनी फलकाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. या गल्लीत माणसं मान म्हणून उतरतात, ही सवय त्यांनीच लावली होती. पण कुणाकुणापुढे उतरायचं याचा विचार त्यांनी आजवर केला नव्हता. आता तो करायला त्यांना अर्धं मिनिट लागलं.

त्यांनी फुटपाथच्या कडेला पाय टेकवला, सीटवर नीट बसले आणि घंटी वाजवली.

मेडिकलवाला काउंटरवरून म्हणाला, जरा उतरून बाजूने घ्या काका, दोनच दिवसांचा प्रश्न आहे. काकांनी घंटी वाजवली. मागे पेपरवाला येऊन थांबला. त्याने परिस्थिती पाहिली, एक पाय टेकवला आणि बसून राहिला. त्याच्यामागे गवंडी, त्याच्यामागे नर्सबाई, त्यांना उशीर होत होता तरीही. रांग वळणापर्यंत गेली. घंट्यांचा असा गजर झाला की सलूनमधलं गिऱ्हाईक अर्ध्या फेसानिशी दारात आलं, आणि या वेळी सलूनवाल्यानेही वस्तरा खाली ठेवून बाहेर डोकावलं.

मेडिकलवाला पायरीवर आला. लोकांची गैरसोय करू नका, तो म्हणाला, एक मिनिट उतरलात तर काही बिघडत नाही. हे तो सगळ्यांना उद्देशून म्हणाला, पण बघत काकांकडे होता. काकांनी पुन्हा घंटी वाजवली.

मागून, रांगेत कुठून तरी, गठ्ठ्याच्या आडून टेलरताईचा आवाज आला.

"उतरू नका हो, काका."

मेडिकलवाल्याने रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग बाह्या सरसावल्या, चौकट दोन्ही हातांनी धरली आणि ओढायला लागला. फलक जड होता. मदत करायची तर सायकलवरून उतरावं लागलं असतं, म्हणून कुणीही मदत केली नाही.